रेडिओवर आलेला माझा आवाज

निजामाचं राज्य होतं. हैदराबादेहून रेडिओवाले एका मंत्र्याची मुलाखत घ्यायला नळदुर्गला आले. प्रश्न शेतकऱ्यानं विचारायचा होता, म्हणून पाटलानं मला धरून नेलं. प्रश्नही त्यांनीच पढवला, "सरकार, आम्हां गरिबांवर एवढी मेहेरबानी कशी?" लेव्ही म्हणून घरातली ज्वारी उचलून नेणाऱ्यांना मी हे विचारायचं! मागं बंदूकवाला शिपाई उभा. मायक्रोफोन तोंडापुढं आला आणि माझी वाचाच बसली. रेडिओवाल्यानं जरा वाट पाहिली, मग खेडवळ आवाज काढून स्वतःच प्रश्न विचारला. मंत्री हसत हसत उत्तर देत राहिला.

तबकडीवर भरून घेतलेली ती मुलाखत पुढं चावडीतल्या रेडिओवर लागली. सारं गाव जमवलं होतं. आधी माझं नाव पुकारलं, पाठोपाठ तो परका आवाज आला. पाटील माझ्या बायकोकडं वळला.

"मालकाचा आवाज वळखला का?"

"व्हय की, त्यांचाच हाय," ती सगळ्यांदेखत म्हणाली.

घरी आल्यावर तिनं दाराला कडी घातली.

"आता तुमच्या नावानं त्यो आवाज काय बी बोलंल," ती म्हणाली, "आन् मला व्हय म्हणावं लागंल."