गाठीची तार आणि आनंदाबाईंचा गळा

हिंगणघाटात रूपरावांना न ओळखणारा माणूस सापडणं कठीण, आणि त्यांच्या हातची तार ज्याच्या घरात नाही असा माणूस तर त्याहून कठीण. उभं आयुष्य जिनिंगच्या प्रेसवर गेलं. रुईची गाठ दाबून निघाली की तिला तारेनं करकचून आवळायची, हे काम. उरलेले तुकडे ते घरी आणायचे. मग काय विचारता! बादलीची कडी तारेची, दाराचा आकडा तारेचा, चष्म्याची काडी मोडली तर तीही तारेची. शेजारच्या सीताबाईंची खाट निखळली की बोलावण्याची वाट न पाहता हे पक्कड घेऊन हजर. "दुनियेत दोनच गोष्टी टिकतात," ते छातीठोकपणे सांगायचे, "एक खरं बोलणं, न् दुसरी गाठीची तार." त्यातल्या पहिल्या गोष्टीशी यांची फारशी ओळख नाही, हे त्यांची बायको आनंदाबाई लगेच सांगून मोकळ्या व्हायच्या.

आनंदाबाई खंजिरी भजन मंडळाच्या मुख्य गायिका. आवाज असा खणखणीत की माईक बंद पडला तरी मांडवाला पत्ता लागू नये. नाचणगावच्या भजन स्पर्धेत मंडळाचं नाव लागलं, बायांनी एका रंगाची लुगडी घेतली, आणि नेमका आनंदाबाईंचा घसा बसला. थंडीच तशी मेली! रूपरावांना त्यांच्याहून जास्त घोर लागला. वरवर हा गृहस्थ भजनाला "बायांची कलकल" म्हणायचा. पण तालमीला ओट्यावर बसून मान कोण डोलवत होतं, ते साऱ्या गल्लीनं पाहिलेलं.

"वाफारा घे, मोकळा होते गळा," असं म्हणून त्यांनी विजेची शेगडी काढली. तिची कॉईल मधोमध तुटलेली. दुसऱ्यानं नवी आणली असती. पण हे रूपराव होते. गाठीच्या तारेचा तुकडा घेतला, दोन्ही टोकांना पीळ दिला, झालं काम! शेगडीवर पाण्याचं पातेलं, म्हणजे गंज, गंजावर आनंदाबाईंचं डोकं, आणि शेगडीसकट सगळ्यावर गोधडी. कॉईल लाल झाली तसे रूपराव स्वतःवरच खूश झाले.

तेवढ्यात सून घरी आली. सुरभी आयटीआय करून आलेली, मोटारी आणि हीटर दुरुस्त करायचं तिचं बाजारात छोटं दुकान. उंबऱ्यातच तिनं नाक आक्रसलं. गोधडीच्या फटीतून पांढुरका धूर येत होता, आणि तो वाफेचा नव्हता. तिनं धावत जाऊन प्लग उपटला, सासूला ओढून अंगणात नेलं आणि दारं-खिडक्या सताड उघडल्या.

"मामाजी, जोड कशाचा देला?"

"गाठीच्या तारेचा. काऊन? मजबूत असते ते!"

"मजबूत हाय, पण तिच्यावर जस्त चढवलेलं राह्यते. जस्त तापलं की त्याचा धूर होते. तुमी आईले वाफ नाई, जस्त पाजून राह्यले होते!"

आनंदाबाईंना हुडहुडी भरली, ताप चढला, घशात काटे उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, ताप उद्या उतरेल, पण गळ्याला सक्तीची विश्रांती द्या, तोंडातून शब्द काढू नका. त्या दिवसापासून घर मुकं झालं. ज्या गळ्यासाठी खटपट केली तोच आपण घालवला, ही टोचणी रूपरावांना बसू देईना. एकदा ते खाटेजवळ जाऊन म्हणाले, "तुह्या गळ्याले काई झालं ना, त मी मले माफ नाई करनार." आनंदाबाईंनी नुसता हात हलवून "जा, चहा घ्या" अशी खूण केली.

ताप उतरल्यावर ते सुरभीला म्हणाले, "चल, मले खरी तार दाखव." दोघं चंद्रभानच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेली. चंद्रभाननं आधी एक चकचकीत कॉईल पुढे केली. रूपरावांनी तिची जात विचारली, ती कशाची, तिच्यावर काय चढवलंय, तापल्यावर काय सोडते. आयुष्यात तारेची जात न विचारलेला माणूस आता एकदम पोलीस झाला होता! सुरभीनं लोहचुंबक लावला, तो टपकन चिकटला. "हे लोखंड, वरून पॉलिश," ती म्हणाली. मग निक्रोमची, म्हणजे हीटरसाठीच बनवलेल्या मिश्रधातूची, कॉईल काढायला लावली. तिला चुंबक चिकटला नाही, वर मुलामाही नव्हता. टोकं आवळायला स्टीलचे नटबोल्ट घेतले. पिळाचा जोड नाहीच.

घरी आल्यावर सुरभीनं पहिली धग अंगणात दिली, नव्या तारेवरचं तेलकट जे काही असेल ते उघड्यावर जळून जावं म्हणून. रूपराव वाकून वाकून वास घ्यायला लागले, तेव्हा तिनंच त्यांना मागे ओढलं. "न् आयका मामाजी, पानी उकळलं की शेगडी बंद. गंज दूर नेऊन मंग गोधडी. शेगडी गोधडीत नाई!"

"हाव बाप्पा, हाव," रूपराव म्हणाले, आणि पुढचा प्रत्येक वाफारा त्यांनी अगदी तसाच दिला. आनंदाबाई मात्र बोलत नव्हत्या. गळा उघडला की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं.

नाचणगावचा मांडव भरला. रूपराव मागच्या रांगेत जाऊन बसले. खंजिरी वाजली, आनंदाबाईंनी पहिली ओळ धरली आणि आवाज अडकला. रूपरावांनी डोळे मिटले. आनंदाबाई खाकरल्या, बायांकडे पाहून त्यांनी बोटानं 'खाली' अशी खूण केली, आणि पट्टी उतरवून पुन्हा धरलं. पहिल्या कडव्याला आवाज घोगरा होता, दुसऱ्याला मोकळा झाला, आणि तिसऱ्याला अख्खा मांडव टाळ्यांनी ठेका धरू लागला.

रूपरावांना राहवेना. भजन अर्ध्यावर असतानाच ते उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "वा रे माही आनंदा! वा!" परीक्षक दचकले, लोक मान वळवून पाहू लागले.

मंचावरून, माईकशिवाय, मांडवाच्या पार टोकापर्यंत आवाज आला, "अवो! बसा ना खाली!"

मांडव खदखदून हसला. रूपराव डोळे पुसत, दात काढत मुकाट्यानं खाली बसले.