पावणा हाताला लागला

आमच्या बोटीत पाणी साचतं त्याहून किस्से जास्त साचतात. पाणी निदान डब्यानं उपसता येतं. किस्से उपसायला बसलं की चुलीवरचा रस्सा करपतो, म्हणून मी आपली ढवळता ढवळताच सांगते.

धंदा घरचाच. भिगवणच्या अलीकडं, उजनीच्या पाण्यावर. हिवाळाभर लोकांना पक्षी दाखवायचे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या जुन्या रस्त्याची दगडी मोरी उघडी पडते. तिच्या खबदाडीत शिंगटा बसतो. मिशीवाला, काट्यांचा मासा. गुडघाभर पाण्यात उभं राहून तो नुसत्या हातानं धरायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा, ही आमची उन्हाळी ट्रिप. इंजिन माझा नवरा दत्ता बघतो, स्वयंपाक मी, आणि गाईड माझा धाकटा दीर, संपत.

संपतभावजी पस्तिशीला टेकलेत. लग्न नाही. "पोरगं गुणाचं हाय, पण पाण्यात हात घालून पोट भरतंय," असं म्हणून पोरीवाले उठून जातात. घरात सगळ्यांना हा एकच घोर.

*

शिंगट्याला आमच्यात कुणी शिंगटा म्हणत नाही. माझे सासरे, आबा, म्हणतात, नाव घेतलं की तो आत सरकतो. म्हणून त्याला म्हणायचं पावणा!

"पावणाच का हो आबा?" मी नवी नवरी असताना विचारलं होतं.

"मिश्या हायत, तोंडातनं शब्द न्हाय, आन् जरा चुकलं की काटा मारतोय. आजून काय पायजे?"

आबांचे नियम दोनच. मोरीपाशी वरडायचं नाही. आणि आधी काठी, मग हात. आत साप असो, खेकडा असो, काठीला आधी कळतं. आबा स्वतः पाण्याजवळ कुजबुजूनच बोलतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांचा चढा आवाज ऐकलेला नव्हता.

*

पुण्याचे एक साहेब आले होते. मोठ्या कंपनीतले. बोटीत बसल्या बसल्या म्हणाले, "आपलं आजचं टार्गेट काय?"

मोरीला दोन तोंडं. साहेबांनी या तोंडातनं हात घातला. पावण्याला त्यांच्याकडं हुसकायला भावजींनी पलीकडच्या तोंडातनं घातला. थोड्या वेळानं साहेब ओरडले, "आला! आला! केवढा जाड आहे!"

भावजी पलीकडनं म्हणाले, "साहेब, सोडा. त्यो मी हाय."

"गप रे! मासा सुटेल!" आणि साहेबांनी असं काही ओढलं की भावजींचा गाल दगडाला टेकला.

"साहेब, नीट चाचपा. माशाला घड्याळ आसतंय व्हय?"

घड्याळ मोरीतच राहिलं. साहेबांनी पुण्याला जाऊन नवीन पाठवलं, माणूस चांगला होता.

*

बारामतीच्या एक डॉक्टरीणबाई येतात. बाळंतपणं करणाऱ्या. त्यांचा हात म्हणजे लोणी! पावणा त्यांना कधी काटा मारत नाही. पहिल्यांदा आल्या तेव्हा डोळे मिटून हात आत घातला आणि हळूच म्हणाल्या, "डोकं लागलंय हाताला. कुणी घाई करू नका."

दत्ता इंजिन सोडून उभा राहिला. भावजी तर येरझाऱ्या घालायला लागले, गुडघाभर पाण्यात! बाईंनी पावणा अलगद बाहेर काढला, दोन्ही हातांत धरला, आणि सवयीनं शेजारच्या पुरुषाकडं बघून म्हणाल्या, "अभिनंदन!"

शेजारी भावजी होते. सगळे पोट धरून हसले, भावजीही हसले. पण दुपारी जेवायला बसले तेव्हा भाकरी नुसती कुस्करत राहिले. मला फार वाईट वाटलं बघा.

*

आता ऐका, जमत आलेली सोयरीक आम्ही कशी घालवली.

सुप्याकडचे पाहुणे यायचे होते रविवारी, ते आले शनिवारीच, भावजी आणि दत्ता ट्रिप घेऊन पाण्यावर असताना. मुलीचे वडील म्हणजे भारदस्त माणूस, मिशीला पीळ भरलेला. आबांनी काठावर सतरंजी टाकली, मी चहा ठेवला. बोलणी रंगात आली. मुलीचे वडील म्हणाले, "पोरगं पोटापाण्यापुरतं कमावतंय, वागायला बरं हाय, आमाला आजून काय पायजे?" माझ्या मनात तर वाजंत्री सुरू!

तेवढ्यात बोटीतनं दत्ताचा फोन. आबांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. त्यातनं दत्ता बोलला, "आबा, आज उशीर हुईल. पावणं लई माजल्यात! सकाळधरनं आत बसून हायत, भाईर याचं नाव न्हाय. मिशीला धरून वढू का?"

पाहुण्यांचा हात आपोआप मिशीवर गेला. आबा "मासा, मासा" म्हणत मागं पळाले, तोवर जीप सुरू झाली होती. चहा तसाच राहिला. दत्ताशी मी आठ दिवस धड बोलले नाही.

*

मग या उन्हाळ्यात कळंबचं स्थळ आलं. मुलगी मनीषा, एसटीत कंडक्टर. तिनं मध्यस्थाला बजावलं, "मला सतरंजीवर बसवून दाखवू नका. मी ट्रिपला येते, वडलांना घिऊन. मुलाला सांगायचं न्हाय."

आबांना आणि मला ठाऊक होतं. दत्ताला सांगायची सोयच नव्हती. आणि भावजींना कळलं असतं तर त्यांची दातखीळच बसली असती.

ती मोरीपाशी उतरली, साडीचा ओचा खोचून. तिचे वडील आमच्याबरोबर काठावरच थांबले. भावजी नेहमीसारखे समजावायला लागले, "हे बघा ताई..."

ताई! मी कपाळावर हात मारला.

"ताई म्हणू नका," ती म्हणाली. "पुढं सांगा."

"दाबायचं न्हाय, वढायचं न्हाय. हात पुढं करून थांबायचं. भरवसा वाटला की पावणा आपणहून हातावर यिऊन बसतोय."

"आन् न्हाय आला तर?"

"थांबायचं. लई सुटल्यात माज्या हातनं. पर मी थांबतो."

तिनं त्यांच्याकडं नीट बघितलं. काठीनं चाचपलं, मग हात घातला आणि बारक्या आवाजात म्हणाली, "चला, पुढं सरका, पुढं सरका..."

आणि तो सरकला की हो! वडील काठावरनं कुजबुजले, "मने, काय गं? हाय का?"

"हाय आप्पा." बघत होती भावजींकडं. "जरा बुजरा हाय. पर चांगला हाय."

"धरायचा का मग?"

"धरला."

तिनं पावणा वर काढला. भावजी खुशीत म्हणाले, "झ्याक! आता फोटो काढा आन् द्या सोडून. आमच्यात धरल्यावर सोडायचा नियम हाय."

"त्यो माशाचा नियम," ती म्हणाली. मासा पाण्यात सोडला आणि ओला हात भावजींपुढं धरला. "मी सोडनारी न्हाय. दगड निसरडा हाय, धरा."

भावजींनी हाताकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि घाबरून काठी पुढं केली.

तेव्हा मी आबांचा चढा आवाज पहिल्यांदा ऐकला. पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

"आरं संप्या! काठी न्हाय, हात! हात दे, हात!"