कपाळावरची घडी

इब्राहिमचाचाला दारातून परत पाठवणारे तुमच्यातच आहेत! नावं घेत नाही. जन्मभर गलबतावर खलाशी असलेला माणूस, पाय सडला, वास येऊ लागला, तेव्हा जो तो म्हणाला, "पुढे जा." पुढे जात जात तो मांडवी बंदराजवळच्या ख्रिस्ती ब्रदरांच्या आश्रमात पोचला. "तिथे बाटवतात," असं तुम्हीच म्हणता ना? बी.ए.ची परीक्षा देऊन मी ती सबंध सुट्टी तिथे राबलो. एक किस्सा सांगायला घेतला की दुसरा त्याचा हात धरून येतो.

*

माझा पहिलाच दिवस. पाववाला पेद्रू तान्हं पोर घेऊन आला. "फादर, बाप्तिस्मा करा."

आश्रमाचे सुपीरिअर, म्हणजे प्रमुख, ब्रदर आंतोन हसले. मूळचे वसईचे. "अहो, मी पाद्री नव्हे! आम्ही नुसते ब्रदर. मिस्सेची प्रार्थना चालवणं नाही, लग्न लावणं नाही. पोराला जुलाब झाले, तर मात्र जरूर आणा!"

*

चाचा आला तेव्हा खाट रिकामी नव्हती. तिथला नियम असा, की अशा वेळी सुपीरिअरची खाट द्यायची.

मी विचारलं, "मग सुपीरिअर होऊन मिळतं काय?"

"चटई!" आंतोन म्हणाले.

*

मी भडकलो होतो. "हे सरकारचं काम आहे! कलेक्टरला जाब विचारला पाहिजे!"

"विचारा ना," आंतोन म्हणाले. "तोवर चाचाचा पाय जरा वर धरा. जखम धुवायचीय."

*

दर शनिवारी सगळे ब्रदर रोग्यांसमोर गुडघे टेकत आणि आठवड्यातल्या आपल्या चुका सांगत. मग रोगी तक्रारी करत. मी थक्क होऊन बघत राही. आपल्याकडे कोण कोणापुढे असं वाकतं?

चाचाच्या तक्रारी सर्वांत जास्त. चहा पांचट, भात कच्चा. एकदा मात्र तो वेगळंच बोलला. "गोव्याचे खलाशी सांगत, मरणाऱ्याच्या कपाळाला कोणी पण पाणी लावला, का झाला तो किरिस्ताव. मना मुसलमान मरायचाय."

गुडघ्यांवरूनच आंतोन म्हणाले, "आमच्या हातचं पाणी तुमच्या कपाळाला लागणार नाही. शब्द."

*

आणि एका दुपारी चाचाला ताप भरला. शुद्ध हरपली. डॉक्टर म्हणाले, "कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या. ताबडतोब!"

आंतोननी घडी पिळली, आणि त्यांचा हात थांबला. "पास्कू, पळ! मशिदीत बांग देणाऱ्या हुसेनमियाँना घेऊन ये." धाकटे ब्रदर पास्कू झगा सावरत धावले. आंतोन चाचाचे हात, पाय, छाती पुसत राहिले. कपाळ सोडून.

मी ओरडलो, "माणूस मरेल! शब्द मोठा की जीव?"

"दोन्ही त्यांचेच आहेत," आंतोन म्हणाले आणि पंख्याने वारा घालू लागले.

हुसेनमियाँ धापा टाकत आले. चाचाचा चेहरा दिसताच दारात थबकले. मग खाली बसून घडी हातात घेतली.

संध्याकाळी ताप उतरला. चाचाने कपाळ चाचपलं. "कोणी लावला पाणी?"

"मी," हुसेनमियाँ म्हणाले.

चाचाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "तू? तेव्हा दारातून 'पुढे जा' म्हणालास, आणि आता आलास होय!"

*

पुढच्या शनिवारी ब्रदरांनी गुडघे टेकले. आंतोन म्हणाले, "घडी ठेवायला मी उशीर केला. जीवावर बेतलं असतं. चूक माझी."



चाचासाठी पेज घेऊन आलेले हुसेनमियाँ दारात उभे होते. त्यांनी भांडं खाली ठेवलं, चपला काढल्या आणि आत आले.

"ब्रदर, जरा सरका," ते म्हणाले. "मना पण जागा द्या."