वाढत्या अंगाचं

आमच्या समोरच्या काकांनी आयुष्यात एकही गोष्ट अंदाजाने केली नाही, आणि म्हणूनच त्यांनी शिवलेलं एकही झबलं कधी कुठल्या बाळाला झालं नाही. हे वाक्य लिहून मी बराच वेळ थांबले. गेलेल्या माणसाविषयी सुरुवातच अशी करावी का, असं वाटलं. पण काकांना हे दाखवलं असतं तर त्यांना राग आला नसता. त्यांनी निळ्या पेन्सिलीने 'कधी'खाली रेघ ओढली असती आणि समासात लिहिलं असतं, 'अपवाद एक'. तो अपवाद माझ्या घरातला आहे. त्याच्याकडे येईन, पण सावकाश.

ऐंशी सालाच्या अलीकडची-पलीकडची ती वर्षं. वाशीच्या नव्या वसाहतीतली आमची तीन मजल्यांची इमारत, कुणी दादरहून आलेलं, कुणी रत्नागिरीहून, कुणी साताऱ्याहून. बिऱ्हाडं नवी, संसार नवे, त्यामुळे बाळंही भराभर येत. पण आजी मात्र कुणाच्याच घरात नव्हती. आज्या खाडीच्या पलीकडे आपापल्या जुन्या घरांत राहिल्या होत्या आणि या खाजणात राहायला यायची त्यांची तयारी नव्हती. मग बाळाला अंगात घालायला मऊ झबलं, डोक्याला टोपडं, खाली अंथरायला दुपटं, हे करायचं कुणी? त्या रिकाम्या जागेवर समोरचे काका आणि काकू न बोलावता रुजू झाले. गोधड्या-दुपटी काकूंची, झबली-टोपडी काकांची.

काका रबाळ्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. दिवसभर पंपांची आणि व्हॉल्व्हची चित्रं काढायची, संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून उतरून चहा घ्यायचा, साबणाने दोनदा हात धुवायचे आणि शिलाईचं मशीन उघडायचं, हा त्यांचा क्रम. मशीन खरं तर काकूंचं, त्यांच्या लग्नात माहेरहून आलेलं. पण पहिल्या मुलीच्या वेळी काकूंनी नजरेच्या मापाने एक झबलं शिवलं आणि काकांच्या लक्षात आलं की उजवी बाही डावीपेक्षा दोन सूत लांब आहे. "तिला काय कळतंय?" काकू म्हणाल्या. "तिला नाही, मला कळतंय ना," काका म्हणाले, आणि त्या दिवसापासून मशीन त्यांचं झालं. काकूंकडे सुई तेवढी राहिली. पुढे दोन्ही मुलींचे सगळे फ्रॉक काकांनीच शिवले. त्या मुली लग्न होऊन सांगलीला आणि बडोद्याला गेल्या होत्या, पण त्यांचे लहानपणचे फोटो भिंतीवर होते. प्रत्येक फोटोत दोघींचे हात अंगापासून थोडे दूर, उडायच्या बेतात असलेल्या पाखरांसारखे. मला वाटायचं, फोटोग्राफरने तसं उभं केलं असेल. काकूंनी खुलासा केला, "काखेत इतकं बरोब्बर बेतलेलं की हात खाली यायला जागाच नाही. पोरी शाळेत पण तश्याच उभ्या राहायच्या. बाईंना वाटायचं, प्रश्न विचारायचाय."

बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही शिवायचं नाही, यावर मात्र त्या दोघांचं एकमत होतं, आणि माझ्या माहितीत तेवढ्या एकाच गोष्टीवर होतं. काकूंच्या मते ते अशुभ. काकांच्या मते ते अशास्त्रीय, कारण ज्याचं माप नाही त्याचं ड्रॉइंग कसं होणार? त्यामुळे बाळ घरी आलं की काका माप घ्यायला जात. कापडी टेपवर त्यांचा विश्वास नव्हता, ती ताणली जाते म्हणे. ट्रेसिंग पेपरची पट्टी बाळाच्या छातीभोवती, डोक्याभोवती अलगद फिरवायची, पेन्सिलीने खूण करायची, असं तीनदा करायचं आणि सरासरी काढायची. तिसऱ्या मजल्यावरच्या बंड्याने दुसऱ्या मापाच्या वेळी त्यांच्या शर्टावर जे करायचं ते केलं. काका हलले नाहीत. "खूण होऊ दे," म्हणाले. मग घरी येऊन ड्रॉइंग. टोपड्याचा समोरून, बाजूने आणि वरून असे तीन देखावे. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट: 'काढले', 'तपासले', 'मंजूर'. तिन्ही ठिकाणी सही काकांचीच, पण 'तपासले'ची तारीख नेहमी एक दिवस पुढची आणि 'मंजूर'ची त्याच्याही पुढची. आपण काढलेलं आपणच त्याच दिवशी तपासणं त्यांना लबाडी वाटायची. त्यानंतर कापड. ते जुनंच हवं, धुवून धुवून विरलेलं धोतर नाही तर सुती लुगडं. पण आपल्या घरी आणल्यावरही काका ते आणखी तीनदा धुवून वाळवत, कारण त्यातलं आटणं पूर्ण संपलं पाहिजे. या सगळ्यातून बारशाचं झबलं विसाव्या-बाविसाव्या दिवशी तयार होई. बारसं तोवर पेढे वाटून मोकळं झालेलं असे.

मग काका वर्तमानपत्रात गुंडाळलेलं झबलं घेऊन येत. ते इतकं देखणं असे की बाळाच्या आईला आधी भरूनच येई. टाके मुंगीच्या पावलांचे, नाड्या सारख्या लांबीच्या, शिलाई सगळी बाहेरच्या अंगाला, बाळाला आत टोचू नये म्हणून. पण ते घालायला गेलं की डोक्याशी अडे. वीस दिवस दूध पिऊन बाळ पुढे निघून गेलेलं असे. काका चष्मा वर करून झबल्याकडे नाही, बाळाकडे बघत. आपण बरोबर सोडवलेलं गणित एखाद्या विद्यार्थ्याने फळ्यावरून पुसून टाकावं, तसा त्यांचा चेहरा होई. "मापात फरक पडलाय," ते म्हणत. "याच्या."

"अहो, जरा वाढत्या अंगाचं शिवा की," काकू मागून म्हणत. "सगळं जग शिवतं."

"वाढत्या अंगाचं म्हणजे किती? आकडा सांग."

"आकडा कसला? दोन बोटं जास्त."

"कुणाची बोटं?"

यावर काकू माझ्याकडे बघून म्हणत, "सत्तावीस वर्षं झाली, बघ." आणि काका झबलं परत वर्तमानपत्रात गुंडाळत म्हणत, "वाढणं हे बाळाचं काम. माझं काम माप."

अशी सगळी न झालेली झबली काका परत नेत आणि पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवत. प्रत्येकाला बाळाचं नाव आणि मजला लिहिलेली चिठ्ठी टाचलेली. माझा नवरा म्हणायचा, "आपल्या बिल्डिंगमधली पोरं बाहेर कितीही मोठी होऊ देत, काकांच्या ट्रंकेत ती अजून वीस दिवसांचीसुद्धा झालेली नाहीत."

काकूंची तऱ्हा अगदी उलटी. त्या फरशीवर पाय पसरून, रेडिओ ऐकत, समोर कुणीही बसलेलं असलं तरी बोलत बोलत गोधडी घालत. कापलेल्या साड्यांचे तुकडे जसे हाताला येतील तसे. लांबी विचारली तर म्हणत, "पाय बाहेर आले की समजायचं, मूल मोठं झालं." शेवटचा कोपरा शिवायच्या आधी त्या आत पोळीचा एवढासा तुकडा ठेवत. गोधडी उपाशी ठेवली तर तिच्याखाली निजणाऱ्याला सारखी भूक लागते, असं त्यांच्या आजीने सांगितलेलं. "मुंग्या लागतील," काका मशीनवरून म्हणत. "लागू देत," काकू दोरा दाताने तोडत म्हणत, "त्यांनाही कुठेतरी निजायला हवं."

आता माझ्या घरातल्या अपवादाकडे येते. माझी मुलगी सात आठवडे आधीच जन्मली. साडेतीन आठवडे ती हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती आणि मी बाहेरच्या बाकावर. घरी सोडताना डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या: हिला ऊब द्या, आणि हिचं अंग भरतंय की नाही यावर लक्ष ठेवा. ते 'की नाही' त्यांनी ज्या आवाजात म्हटलं तो मला अजून आठवतो. डिसेंबर होता, खाडीवरून गार वारं यायचं. आम्ही बाजारातून सगळ्यात लहान झबलं आणलं, तर त्यातून ती गळ्याच्या बाजूने अख्खी बाहेर येईल असं होतं. नातेवाइकांनी प्रेमाने पाठवलेले कपडे सगळे वाढत्या अंगाचे. माझ्या मुलीचं अंग वाढेल असं त्या सगळ्यांनी गृहीत धरलं होतं आणि मला तेवढंच गृहीत धरता येत नव्हतं. बारसं मी पुढे ढकललं. नाव ठेवायची हिंमत होत नव्हती. आम्ही तिला नुसतं 'छोटी' म्हणायचो.

काका रिवाजाप्रमाणे माप घ्यायला आले. दारातच उभे राहिले, हातात ट्रेसिंग पेपरची पट्टी. पाळण्यापर्यंत आले, वाकून बघितलं, पट्टी पुढे केली आणि मग तिची घडी करून खिशात ठेवली. तसेच माघारी गेले. काका माप न घेता गेले, हे बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. पण दहा मिनिटांत समोरचं दार परत उघडलं आणि काका-काकू दोन्ही बाजूंनी कड्या धरून ती ट्रंक घेऊन आत आले.

त्या दुपारी आमच्या पलंगावर इमारतीतली सगळी बाळं मापाप्रमाणे ओळीने मांडली गेली. सर्वांत लहान झबलं शेजारच्या इमारतीतल्या जुळ्यांपैकी धाकटीचं. ते छोटीला जरा सैल, पण अंगावर राहिलं. त्याच्यापुढे तळमजल्यावरची पिंकी, मग दुसऱ्या मजल्यावरचा मन्या, अशी चढती रांग, आणि सगळ्यात शेवटी तिसऱ्या मजल्यावरचा बंड्या, जो जन्मतःच दांडगा होता. काकूंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सरळ सांगून टाकलं, "बंड्याचं झबलं अंगात आलं, की बारसं. तोवर रडायचं नाही."

शिरवण्याहून मासळी घेऊन येणारी मावशी दारात टोपली टेकवून हे सगळं बघत होती. "काका, पोर काय लोखंडाची हाय? मोजून काय ठेवताव?" ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मात्र मासळीच्या आधी तिने एक पिशवी पुढे केली. "माज्या सासूचं लुगरं हाय. धुऊन धुऊन लोन्यासारखं झालंय. पोरीला थंडी न्हाय वाजाची." काकूंनी त्याची गोधडी घातली. शेवटच्या कोपऱ्यात पोळीचा तुकडा ठेवताना त्या थांबल्या आणि काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "जरा मोठा ठेव."

मग दर रविवारी सकाळी काका येऊ लागले. छोटीला अंगात काय आहे ते बघत, काखेत एक बोट घालून बघत, परत जात. ज्या माणसाला झबलं घट्ट झालेलं बघून इतकी वर्षं वाईट वाटत आलं, तो आता घट्ट होण्याची वाट बघत होता. पहिले तीन रविवार काहीच झालं नाही. चौथ्या रविवारी धाकट्या जुळीचं झबलं सुटलं आणि पिंकीचं आलं. नवरा ऑफिसातून आला की विचारायचा, "आज कितव्या मजल्यावर आहे?" "तळमजला," मी सांगायची. मग दुसरा मजला. मन्याच्या झबल्यात ती इतके दिवस अडकली की मी धीर सोडला होता. डॉक्टरांच्या काट्यावर काय दिसायचं ते मला आता आठवत नाही, झबली मात्र सगळी आठवतात.

मार्चमध्ये बंड्याचं झबलं तिच्या अंगात आलं आणि आम्ही बारसं केलं. काकूंनीच पाळणा म्हटला, जरा बेसूर. पण माझ्या लेखी बारसं झालं ते त्याच्या तीन आठवड्यांनंतरच्या रविवारी. काका समोर बसले होते आणि मी तेच झबलं तिला घालायला गेले, तर ते डोक्याशी अडलं. मी ओढून बघितलं. आत ती रागाने ओरडत होती. काकांनी चष्मा वर केला आणि सवयीप्रमाणे झबल्याकडे न बघता तिच्याकडे बघितलं.

"मापात फरक पडलाय," ते म्हणाले. "हिच्या." आणि हसले. मग रुमाल काढून चष्मा पुसत बसले, बराच वेळ.

ती तीन वर्षांची असताना काका निवृत्त झाले आणि दोघं सांगलीला मुलीकडे राहायला गेली. ट्रंक काकूंनी माझ्या हवाली केली. निघताना काकांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं दिलं. ते गेल्यावर उघडलं तर आत फिक्या पिवळ्या रंगाचा फ्रॉक, आणि तो माझ्या तीन वर्षांच्या मुलीच्या पार घोट्यापर्यंत येत होता. मला वाटलं, म्हातारपणी काकांची नजर गेली. मग खालचा ड्रॉइंगचा कागद दिसला. समोरून, मागून, बाजूने, रेघा तशाच सुबक. घेराला खाली चार दुमडी, प्रत्येक वेगळी शिवलेली, एकेक उसवता येईल अशी. जिथे आकडे असायचे तिथे मात्र सगळीकडे एकच शब्द लिहिला होता: 'अंदाजे'. 'काढले'पुढे काकांची सही होती. 'तपासले' आणि 'मंजूर'पुढे काकूंची, शाळकरी अक्षरातली. तिन्ही तारखा एकाच दिवसाच्या.

तिने तो फ्रॉक सात वर्षांची होईपर्यंत वापरला. दर दिवाळीला मी एक दुमड उसवायची. ब्लेड धरलेला हात दर वेळी जपून चालायचा, कारण त्या टाक्यांसारखे टाके माझ्याच्याने पुन्हा व्हायचे नव्हते. चौथी दुमड उसवायच्या आधीच फ्रॉक खांद्यात घट्ट झाला आणि मग ती राहूनच गेली.

काका गेल्याचं काकूंचं पोस्टकार्ड आलं त्या दिवशी मी तो फ्रॉक ट्रंकेतून काढला. बंड्याच्या, मन्याच्या, पिंकीच्या झबल्यांखाली तो नीट घडी करून ठेवलेला होता. मुलगी शाळेतून आली, तिने तो अंगाला लावून बघितला आणि म्हणाली, "आई, याच्यात अजून कापड आहे." मी हो म्हटलं. आहे तसा घडी करून परत ठेवला.