चौदा पाट्या, एक काकू आणि हायवे १८०४

साउथ डकोटाला कुणी हौसेनं जात नाही. मी रागानं गेलो.

मधुरा पुण्याची, इथे ओमाहाला इतिहासात मास्टर्स करते. दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकी सैन्यातले दोन कप्तान मिसूरी नदीतून होड्या ढकलत पश्चिमेकडे निघाले होते. त्यांच्या वाटेवर जागोजागी माहितीच्या पाट्या आहेत, आणि त्या पाट्यांवर काय लिहिलंय आणि काय गाळलंय, हा तिचा विषय. तिच्याकडे गाडी नाही. मी म्हणालो, "मी आणतो फोटो."

"पिअर ते बिस्मार्क, चौदा पाट्या आहेत," ती म्हणाली. "तू तिसरीनंतर कुणाशी तरी भांडून परत येशील. तू काही पूर्ण करतोस का रे कधी?"

आता, मी कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं हे खरं. प्रोफेसरच्या टेबलावर पुस्तक आपटून सोडलं, हेही खरं. तेव्हापासून वेस्ट विंडसरला घरी आईबाबांना तोंड दाखवायची सोय नाही, म्हणून ओमाहात काका-काकूंकडे राहतो. पण हे सगळं तिनं म्हणावं? मी तिथल्या तिथे शपथ घेतली: चौदाच्या चौदा.

मे अखेरच्या लाँग वीकेंडला निघालो. गाडी काकांची, म्हणून काका आले. काका आले म्हणून काकू आल्या. काकू आल्या म्हणून मेथीचे पराठे, चिवडा, दही आणि राइस कुकर आला. शनिवारी सहा-सात तास ड्राइव्ह करून पिअर गाव गाठलं. मोटेल पंचेचाळीस डॉलर, टबला बूच नाही. जाणाऱ्यांनी पेट्रोल इथेच भरून घ्यावं, पुढे बराच वेळ फक्त गवत आणि गाई आहेत.

रविवारी सकाळी हायवे १८०४ला लागलो. हो, रस्त्याचा नंबरच १८०४. कप्तान ज्या वर्षी वर गेले ते साल. नदीपलीकडचा रस्ता १८०६, परतीचं साल. काकांना हे इतकं आवडलं की त्यांनी प्लॅनच केला: "जाताना अठराशे चार, येताना अठराशे सहा. आपणही मोहीम करायची!"

पहिली पाटी आली. आजूबाजूला कुणीही नाही, वारा असा की दार उघडायला दोन हात लागतात. मी कॅमेरा काढला, तोवर काकू ओढणी सावरत पाटीपुढे उभ्या.

"काकू, नुसत्या पाटीचा हवाय."

"नुसत्या पाटीचा कोण काढतं? उद्या लोक म्हणतील कॅलेंडरवरून कापला. येतेय ना पाटी?"

"येतेय, येतेय." मला घाई होती. क्लिक केलं आणि पळालो. असं चौदा वेळा. दिवस मावळायच्या आत बिस्मार्कला पोचलो आणि माझी छाती दोन इंच फुगली होती.

मोटेलवर काकांनी पिवळी वायर लावून कॅमेरा टीव्हीला जोडला. पहिला फोटो: काकू, वर पाटीचं शीर्षक. दुसरा: काकू, डाव्या बाजूला "द". सातव्यात पाटी आहे हे फक्त दोन खांबांवरून कळत होतं. चौदा फोटोंत चौदा काकू, आणि इतिहास शून्य.

मी बर्फाची बादली लाथाडली. "तुम्हाला एवढंही कळत नाही? सगळं वाया घालवलंत!"

काकूंनी बादली उचलून जागेवर ठेवली. काका म्हणाले, "डोळा कॅमेऱ्याला कुणाचा होता रे?"

त्यात कॅमेऱ्याचं कार्डही भरलं होतं आणि फोटो डिलीट करायला काकूंची सक्त मनाई: "नागपूरला ताईला पाठवायचेत." म्हणजे एकच मार्ग: सोमवारी त्याच रस्त्यानं परत जायचं आणि चौदा पाट्या हातानं उतरवून घ्यायच्या. काकांचा अठराशे सहा कॅन्सल झाला. ते फक्त "बरं" म्हणाले. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

पहिल्या दोन पाट्यांना काकू गाडीतच. काच वर.

"काकू, बाहेर या ना."

"नको. मी आले की तुझा इतिहास झाकला जातो."

तिसऱ्या पाटीपाशी वारा वही उलटवत होता, बोटं वळत नव्हती. मी "सॉरी काकू, चुकलं माझं" असं इतक्या जोरात ओरडलो की पलीकडच्या गाई वळून बघायला लागल्या. काकू उतरल्या, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. मी लिहायला लागलो. पाटीवर त्या मोहिमेबरोबर गेलेल्या एका कोवळ्या मुलीचा उल्लेख होता.

"दोन महिन्यांचं बाळ घेऊन? बाळंतिणीला?" काकू थांबल्या. "आणि तुझा एक पाटी लिहून हात दुखतो! लिही पुढे. स्वल्पविराम."

बारा पाट्या काकूंनी सांगितल्या, मी उतरवल्या. काकांनी बॉनेटवर पराठे वाटले.

मंगळवारी मधुरानं वही वाचली. हळूहळू, सगळी. "डास, वारा, मुक्काम, डास... अरे, चौदाच्या चौदा!" मग काकूंचे फोटो बघून ती जमिनीवर बसून हसली.

मी तीन दिवस गाडीत घोकलेलं वाक्य काढलं. "मधुरा, मला तू... जाऊ दे, काही नाही," म्हणत मी बूट घालायला लागलो.

तिनं दार अडवलं. "हे मात्र अर्धवट सोडायचं नाही. पूर्ण कर."

केलं. कान तापले, पण केलं.

ती म्हणाली, "विचार करून सांगते."

आज अकरा दिवस झाले. काकू रोज संध्याकाळी विचारतात, "फोन?" मी नकारार्थी मान हलवतो. अजून कुठेही काही आपटलेलं नाही.