बाटलीतली आंबील

माणसाला त्याची माती आयुष्यभर हाक मारत असते, असं मी अनेक सत्कार समारंभांत ऐकलं आहे. हिंगोलीच्या स्टेशनावर मला हाक मारली ती मात्र मायनं. म्हणाली, "बाटली उभी धर, सांडून राहिली."

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती आणि मला जबलपूरला सरकारी कचेरीत नोकरी लागली होती. बाटलीत आंबील होती. ज्वारीचं पीठ आंबट ताकात भिजवून, शिजवून, मीठ घालून पातळ केलेली. आमच्या शिरड शहापुरात मे महिन्यात ती प्यायल्याशिवाय कुणी उन्हात पाऊल टाकत नसे. पण डब्यात समोर इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं बसली होती. गाडी हलताच मी बाटली बाकाखाली सरकवली आणि अकोल्यापर्यंत तहानलेला बसून राहिलो. प्रतिष्ठा अशीच कुठंतरी सुरू होत असावी.

तुम्ही तिकडं गावातच राहिलात, तुम्हाला हे हसू येण्यासारखं वाटेल. माझ्यासारखे जे निघाले, ते हसणार नाहीत. त्यांनीही काहीतरी बाकाखाली सरकवलेलं असतं.

जबलपुरात क्वार्टर मिळालं, लग्न झालं, खिडकीला पडदे आले. पाहुण्याला आम्ही विकतचं, बाटलीतलं संत्र्याचं सरबत देत असू. घट्ट, केशरी, पाणी घालून प्यायचं. तिसऱ्या उन्हाळ्यात माय नातीला बघायला आली, ती ज्वारीच्या पिठाचं गाठोडं घेऊनच. मी सांगितलं की इथं आंबील करू नकोस, आंबूस वास शेजारी जातो. "व्हय बाबा," ती म्हणाली, "तुमी आता बाटलीवाले." आणि गाठोडं कोपऱ्यात ठेवून दिलं.

त्याच आठवड्यात लूचे गरम वारे सुटले आणि चौदा महिन्यांच्या नंदाला जुलाब लागले. अंगात ताकद यावी म्हणून मी तिला ते सरबत पाजत राहिलो, पाणी मुद्दाम कमी घालून. मी पुष्कळ वाचलेला माणूस होतो. यावर काही वाचलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे डोळे खोल गेले होते. ती रडत होती आणि डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. पहाटेपासून लंगोट कोरडा होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी सरबत बंद करायला सांगितलं; एवढ्या साखरेनं जुलाब वाढतात. मिठाची पातळ पेज चमच्याचमच्यानं द्या, म्हणाले. संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर सलाईन लावावं लागेल.

घरी आल्यावर मी मायसमोर उभा राहिलो. डॉक्टरांनी पेज सांगितलीय, म्हणालो आणि कोपऱ्यातलं गाठोडं तिच्यापुढं ठेवलं. तिनं स्टोव्ह पेटवला, गाठोडं सोडलं आणि एवढंच विचारलं, "काहून रे, वास जाईल ना शेजारी?"

मी खिडकी सताड उघडली.

"लेकराला ताकातली न्हाई देत," ती म्हणाली. "नुसती पेज, गाळून. आंबील आपल्याला. सकाळपासून तुमी तरी काय पेलात?"

मग ती चमचा धरून बसली. नंदानं पहिले दोन चमचे थुंकले. माय तिला म्हणाली, "थुक. माह्याजवळ गाठोडंभर हाय." तिसरा चमचा आत गेला. मधल्या वेळात शेजारच्या भाभी विचारपूस करायला आल्या आणि दुसऱ्या पातेल्यातल्या आंबिलीकडे बघत राहिल्या. मायनं आमच्याकडच्या हिंदीत सांगितलं, "ज्वारी का है, पीके तो देखो." भाभींनी पेलाभर पिऊन कृती विचारली. ज्या वासाची मला तीन वर्षं धास्ती होती, तो त्यांना आलाच नव्हता म्हणे.

दुपारभर माझी बायको सुमन घड्याळाकडे बघे, मी लंगोटाकडे.

घर म्हणजे काय, यावर हल्ली मलाही भाषणाला बोलावतात. मी गावाबद्दल बोलतो, मुळांबद्दल बोलतो, लोक डोळे पुसतात. खरं तर त्या दिवशी घर कुठल्या गावात आहे, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मायच्या हातातल्या चमच्यापलीकडे मला काही दिसत नव्हतं.

पावणेपाचला नंदानं माझ्या मांडीवर भरपूर लघवी केली, आणि मला पँट बदलावी लागली.