दगडाखालचे किडे

परवा निगडीच्या घरी पाण्याची टाकी धुतली. तळाच्या गाळाचा मातकट वास आला आणि मी मनानं थेट चाकणजवळच्या सासुरवाडीच्या ओढ्यावर जाऊन उभा राहिलो.

तेव्हा लग्न नवं होतं. घरचं पिण्याचं पाणी त्याच ओढ्याचं. सासरे हंडा बुडवण्याआधी नेहमी एक दगड उलटून बघायचे. त्या दिवशी दगडाखाली बोटभर गाळ होता. रोज चिकटून बसणारे किडे गायब. मी शहाणा जावई लगेच म्हणालो, "बरं झालं की मामा! किडे गेले, पाणी स्वच्छ झालं."

"पावणं, किडं हायेत तवर पाणी जितं. ह्ये गाळात गुदमारलं. वरनं कुणीतरी माती लोटतंय." मग त्यांची नजर माझ्या बुटांवरच्या तांबड्या मातीवर थांबली. "तुमची कंपनी टेकडीवर काय करती म्हनला?"

"सपाटीकरण," मी पुटपुटलो. उरलेली माती ओढ्याकडं ढकल, असं डंपरवाल्याला मीच सांगितलं होतं.

सासऱ्यांनी तांब्या भरून माझ्यापुढं धरला. "स्वच्छ हाय न्हवं? मग पयलं तुमी घ्या."

मी प्यायलो. त्या मातीची कचकच अजून दाताखाली आहे.